आधी नोंद, मग निवाडा

विहारात रविवारची वंदना संपली की लहान मुलांना अष्टांगिक मार्गाची आठ अंगे म्हणायला लावतात. मुले घडाघडा म्हणतात. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा, सम्यक कर्म, सम्यक आजीविका, सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती, सम्यक समाधी. यातील बहुतेक अंगांचा अर्थ विचारला तर मोठी माणसे तो नीट सांगतात. वाचा म्हणजे खोटे आणि घालूनपाडून न बोलणे. आजीविका म्हणजे दुसऱ्याचे नुकसान न करता पोट भरणे. पण सातव्या अंगापाशी गाडी अडते. कोणी म्हणतो, "सम्यक स्मृती म्हणजे चांगली स्मरणशक्ती." कोणी म्हणतो, "महापुरुषांचे स्मरण." आणि कोणी सरळ हात झटकतो, "ते ध्यानवाल्यांचे काम, आपल्या कष्टकऱ्यांचे नव्हे."

आमचे म्हणणे असे की, हे सातवे अंग कष्टकऱ्यालाच सर्वांत जास्त लागते. कारखान्यात पाळी करणारा, बांधकामावर राबणारी, सफाई खात्यात पहाटे हजेरी लावणारा, चार घरची धुणीभांडी आटोपून स्वतःच्या घरचा स्वयंपाक करणारी, या सर्वांना ते रोज उपयोगी पडणारे आहे. ते कसे, याचा थोडा विचार करू.

सति म्हणजे काय?

पाली भाषेत या अंगाला 'सम्मा सति' म्हणतात. नवऱ्याच्या चितेवर जाळल्या गेलेल्या 'सती'शी या शब्दाचा काही संबंध नाही, हे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. सति म्हणजे स्मृती. मूळ अर्थ आठवण हाच; पण तथागतांनी हा शब्द खास अर्थाने वापरला. या घटकेला आपले शरीर काय करते आहे, मनात काय चालले आहे, याचे भान न सुटणे म्हणजे सति. १८८१ साली टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स या इंग्रज पंडिताने पाली सुत्तांचे भाषांतर करताना सतिसाठी 'माइंडफुलनेस' हा शब्द वापरला आणि तोच पुढे जगभर रूढ झाला. आज मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी 'माइंडफुलनेस'ची शिबिरे भरवतात. त्या शिबिरांचे मूळ आपल्या मुलांनी रविवारी पाठ म्हटलेल्या सातव्या अंगात आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला) भगवंतांच्या पहिल्या प्रवचनाच्या भागात अष्टांगिक मार्ग समजावून सांगितला आहे. तेथे त्यांनी सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागृती असा लावला आणि दुष्ट विकारांवर पहारा ठेवण्याचे काम मनाकडे सोपवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्ग आचरण्याची प्रतिज्ञा आहेच. सात अंगे घेतली आणि एक सोडले, असे त्यात नाही.

पहाऱ्याचा हा विचार फार मोलाचा आहे. चांगला पहारेकरी काय करतो? फाटकातून येणाऱ्याला आधी नीट पाहतो. कोण आहे, हातात काय आहे, कोठून आला. पाहण्याआधीच जो लाठी उगारतो तो पहारेकरी कामाचा नाही, आणि स्टुलावर बसून डुलक्या काढतो तोही कामाचा नाही. आपल्या मनाचे बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक होते. एक तर ते झोपलेले असते, नाही तर लाठी उगारून बसलेले असते.

रोजकीर्दीचा धडा

हिशेबाच्या कामात एक जुना नियम आहे. दिवसभरात जो व्यवहार झाला तो रोजकीर्दीत जसा झाला तसा लिहायचा. शंभर आले तर शंभर, पन्नास गेले तर पन्नास. पन्नास गेले याचे वाईट वाटले म्हणून चाळीस लिहायचे नाहीत, आणि राग आला म्हणून साठही लिहायचे नाहीत. 'हा खर्च मूर्खपणाचा' असा शेरा रोजकीर्दीत मारायचा नसतो. नंतर खतावणी होते, वर्षअखेर ताळेबंद होतो, तेव्हा नफा-तोटा कळतो आणि मालक काय तो निर्णय घेतो. रोजकीर्दच खोटी असेल तर ताळेबंद कितीही सुबक अक्षरात लिहिला तरी खोटाच.

सति ही मनाची रोजकीर्द आहे. 'निवाडा न करता पाहावे' असे जे म्हणतात त्याचा अर्थ एवढाच की, नोंदीच्या वेळी नोंद करावी. निवाडा कधीच करू नये असे नाही. तो करायचाच आहे, पण नोंद झाल्यावर.

आता निवाडा आधी झाला म्हणजे काय होते, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. माणूस समोर येण्याआधीच त्याचे आडनाव, त्याची वस्ती ऐकून निवाडा देण्याची रीत या देशात शेकडो वर्षे चालली. पाण्याला हात लागण्याआधीच पाणी बाटल्याचा निकाल लागत होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. पाणी पाणीच राहिले, पण गावात डोकी फुटली, कारण लोकांनी पाण्याकडे पाहिलेच नव्हते. त्यांनी आधीच लागलेल्या निकालाकडे पाहिले. आजही भाड्याने खोली विचारायला गेले की घरमालक आडनाव विचारतो, आणि पुढचे बोलणे तेथेच संपते.

ज्यांनी न पाहता केलेल्या निवाड्याचा एवढा मार खाल्ला, त्यांच्या घरात तरी आधी पाहण्याची रीत असावी, असे आम्हाला वाटते. पण सून दहा मिनिटे उशिरा आली की 'हिला घराची पर्वाच नाही', शेजारी एक दिवस बोलला नाही की 'माजलाय', मुलगा गप्प बसला की 'याच्या मनात काही तरी काळे आहे'. हे निकाल आपणही रोज लावतोच ना?

नळावर आणि चुलीपाशी

सति कशी ठेवावी हे 'सतिपट्ठान सुत्ता'त सांगितले आहे. मज्झिम निकायातील हे दहावे सुत्त; दीघ निकायात ते 'महासतिपट्ठान सुत्त' म्हणून बाविसावे आहे. कुरू देशातील कम्मासधम्म नावाच्या गावी भगवंतांनी ते सांगितले. कुरू देश म्हणजे आजच्या दिल्ली-हरियाणाकडचा मुलूख. पाहण्याच्या चार जागा त्यात दिल्या आहेत: शरीर, वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव, चित्त, आणि मनात येणारे-जाणारे धर्म म्हणजे विचारविकार.

शरीराच्या भागात केवळ श्वास पाहायला सांगितलेला नाही. चालणे, उभे राहणे, बसणे, आडवे होणे. हात पुढे करणे, मागे घेणे. अंगावर कपडा घालणे, खाणे, पिणे, चावणे, इतकेच काय मलमूत्रविसर्जन करणे, बोलणे आणि गप्प राहणे, या सर्व वेळी भान ठेवायला सांगितले आहे. म्हणजे मोरीपासून पंगतीपर्यंत काहीही सोडलेले नाही.

या सुत्तावर आचार्य बुद्धघोषांची जुनी टीका आहे, तिला अट्ठकथा म्हणतात. त्यात कुरू देशातील लोकांचे वर्णन आले आहे. तेथे दास आणि मजूरसुद्धा सतिविषयी बोलत. पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी बायका जमल्या की वायफळ गप्पा होत नसत. 'तू कोणत्या सतिपट्ठानाचा अभ्यास करतेस?' असे एक दुसरीला विचारी. जी 'कोणताच नाही' म्हणे तिला बाकीच्या समजावून शिकवीत.

वाचकहो, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. राजवाडा नाही, मठ नाही. पाणवठा आहे, सूत कातणाऱ्या बाया आहेत, दास आणि मजूर आहेत. सति त्यांच्या कामातच होती. तेव्हा 'हे आपल्या कष्टकऱ्यांचे नव्हे' असे म्हणणाऱ्याने आपल्याच पूर्वजांचा वारसा नाकारू नये.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात. सत्यनारायण गोएंका गुरुजी (१९२४-२०१३) ही साधना ब्रह्मदेशातून घेऊन १९६९ साली भारतात आले. शिबिराची फी नसते, साधकांच्या दानावर ते चालते. ज्यांना जमते त्यांनी जरूर जावे. पण रोजंदारीवर असणाऱ्याला दहा दिवसांचा खाडा परवडत नाही, आणि लहान मुलांच्या आईला दहा दिवस घर सोडता येत नाही. त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी पाणवठा आहेच. नळाखाली बादली लावली आहे. पाणी भरायला तीन मिनिटे लागतात. त्या तीन मिनिटांत मन सकाळच्या भांडणावर जाते, नाही तर संध्याकाळच्या उसनवारीवर. त्याऐवजी पाण्याचा आवाज ऐकावा. बादली भरत जाते तसा तो आवाज बदलतो. हाताला लागणारे पाणी थंड आहे, पाठीत कळ आहे, पाय जमिनीवर टेकले आहेत, एवढे जाणावे. 'पाठ दुखते आहे' इतकी नोंद पुरे. 'माझ्याच नशिबी हे का' हा त्यावरचा शेरा झाला. मन शेऱ्याकडे गेले तर तेही कळू द्यावे आणि पुन्हा पाण्याकडे यावे. बादली भरली की ध्यान संपले.

तव्यावर भाकरी टाकताना, लोकलमध्ये दांडीला धरून उभे असताना, साहेबाच्या केबिनबाहेर थांबलेले असताना हेच करता येते. त्याला वेगळा वेळ लागत नाही, आसन लागत नाही, पैसा लागत नाही.

ताटावरचा राजा

कोसल देशाचा राजा पसेनदी याची गोष्ट संयुत्त निकायात आहे. त्याला द्रोणभर तांदळाचा भात लागे. एकदा असाच भरपेट जेवून तो धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला खादाड म्हटले नाही, उपवासही सांगितला नाही. भान ठेवून, माप ओळखून जेवणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि वय हळूहळू सरते, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले आणि त्यासाठी रोज शंभर कार्षापण ठरवले. राजाचे खाणे हळूहळू मापात आले आणि शरीर हलके झाले.

शंभर कार्षापण आपल्याकडे नाहीत, पण सुदस्सनाचे काम घरातले कोणतेही पोर करू शकते. आज ताटाच्या बाजूला मोबाइल असतो, समोर टीव्ही असतो. भाजीत मीठ होते की नव्हते हेही जेवून उठल्यावर सांगता येत नाही. दिवसातून एका जेवणाला, निदान पहिले पाच घास, आवाज बंद करून खावेत. भाकरीचा वास, कांद्याचा तिखटपणा, घास किती वेळा चावला जातो हे पाहावे. ज्या बाईने उभ्या उभ्या हे रांधले ती ताटावर बसली आहे की अजून चुलीपाशीच आहे, हेही मग दिसेल. आमच्या मते सतिची ही फार मोठी कसोटी आहे. जो आपला घास पाहतो त्याला वाढणारा हातही दिसलाच पाहिजे.

दोन बाण

संयुत्त निकायातच बाणांची उपमा आहे. सामान्य माणसाला दुःख होते तेव्हा त्याला एक बाण लागतो तो शरीराला. मग तो रडतो, चडफडतो, आणि लगेच दुसरा बाण लागतो तो मनाला. जाणत्या माणसाला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही.

एक रोजचे उदाहरण घेऊ. मुकादमाने चारचौघांत अपमान केला. हा पहिला बाण. पाळी सुटेपर्यंत, गाडीत, घराच्या दारापर्यंत तेच बोलणे मनात पंचवीस वेळा वाजते. दारात पोर बॉल घेऊन उभे असते. त्याच्या कानाखाली बसते. बायको मध्ये पडते, तिला शिवी मिळते. मग कोणी गुत्त्याची वाट धरतो आणि पंचशीलातले पाचवे शील तेथे मोडते. मुकादमाने मारलेला बाण एकच होता. बाकीचे आपणच काढून आपल्याच माणसांना मारले.

अशा वेळी सति काय करते? चित्ताच्या भागात सुत्त सांगते की, चित्त रागाने भरलेले असेल तर ते रागाने भरलेले आहे असे जाणावे. नसेल तर नाही असे जाणावे. त्या रागाला शिव्या द्या, त्याची लाज बाळगा, असे तेथे म्हटलेले नाही. दारात पाऊल टाकण्याआधी दोन मिनिटे जिन्यावर थांबावे. जबडा आवळला आहे, कान गरम झाले आहेत, मुठी वळल्या आहेत. 'राग आहे.' तीन श्वास येताना-जाताना पाहावेत. राग लगेच जाईलच असे नाही. पण 'मी मुकादमावर चिडलो आहे, पोरावर नाही' एवढे कळले तरी पोराचा गाल वाचला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दुसरा बाण टाळा याचा अर्थ पहिला बाण मारणाऱ्याला मोकळे सोडा, असा मुळीच नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

चौतीस गुणांची पत्रिका

मुलगा गुणपत्रिका घेऊन येतो. "बाबा, गणितात चौतीस पडले." बापाच्या तोंडून निघते, "गाढवा, तुझ्यासाठी एवढे राबतो, आणि तू दिवे लावतोस!" चौतीस ही नोंद आहे. गाढव हा निवाडा आहे. नोंदीत दुरुस्तीला जागा असते, निवाड्यात नसते. गाढव ठरलेल्या मुलाला पुढे अभ्यास करण्याचे काही कारणच उरत नाही.

त्याऐवजी पत्रिका हातात घेऊन विचारावे, "बस जरा. कोणती उदाहरणे आली नाहीत?" कदाचित कळेल की अपूर्णांकच समजले नाहीत. कदाचित कळेल की फळ्यावरचे दिसत नाही, डोळे तपासायला हवेत. कदाचित कळेल की वर्गात कोणी त्याला वस्तीवरून चिडवते आणि म्हणून तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. गाढव म्हटल्यावर यातले एकही कळले नसते.

भगवंतांनी आपल्या मुलाला, राहुलाला, कसे शिकवले ते मज्झिम निकायातील एकसष्टाव्या सुत्तात आहे. त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच आपले प्रत्येक कर्म, कायेचे, वाचेचे आणि मनाचे, करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे, असे भगवंत म्हणाले. त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला पीडा होते असे दिसले तर ते थांबवावे. होत नाही असे दिसले तर करावे. पाहा, येथे निवाडा आहे, पण तो पाहण्याच्या मागून आला आहे. आरसा तोंडाला नावे ठेवत नाही. डाग कोठे आहे तेवढे दाखवतो, आणि म्हणूनच डाग पुसता येतो.

मग अन्याय सहन करायचा काय?

आमच्या कार्यकर्त्या बांधवांचा एक आक्षेप नेहमी असतो. "आमच्यावर अत्याचार होत असताना श्वास मोजत बसायचे काय? हे ध्यानबिन लढा थंड करण्यासाठी आहे." प्रश्न रास्त आहे. ध्यानाच्या नावाखाली माणसाला मुके करणारे लोक आहेत, आणि त्यांच्यापासून सावध राहिलेच पाहिजे. अन्यायाचा संताप येणे हा दोष नव्हे. पण सतिने लढा थंड होतो, हे आम्हाला मान्य नाही.

अत्याचाराची फिर्याद कशी लिहिली जाते ते पाहू. १९८९ चा अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम आहे. २०१५ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३(१) खाली, लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी जाणूनबुजून अपमान करणे किंवा जातिवाचक शिवी देणे हा गुन्हा आहे. आता संतापाच्या भरात फिर्यादी सांगतो, "त्यांनी आमचा फार अपमान केला, ते लोक जातीयवादी आहेत." हा निवाडा झाला, आणि तो खराही असेल. पण कोर्टाला नोंद लागते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोठे? नेमके कोणते शब्द उच्चारले? कोणी उच्चारले? तेथे आणखी कोण उभे होते, कोणी पाहिले, कोणी ऐकले? ठिकाण उघडे होते की बंद? एवढे नीट सांगणारा फिर्यादी उलटतपासणीत डगमगत नाही. १९९५ च्या नियमांप्रमाणे नोंदवलेल्या फिर्यादीची प्रत फिर्यादीला ताबडतोब व फुकट मिळाली पाहिजे. ती घ्यावी आणि आपण सांगितले तेच लिहिले आहे ना, हे शब्द न् शब्द पाहावे. डोळे उघडे ठेवून केलेली ही सम्यक स्मृतीच आहे.

बाबासाहेबांची सगळी लढाई अशीच होती. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांच्या मतदानाच्या हक्काची बाजू आकडे आणि वस्तुस्थिती मांडून लढवली. गृहत्यागाची रूढ कथा, म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला ही, त्यांनी तपासून पाहिली आणि नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा पाहिलाच नाही हे पटणारे नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. आधी पाहणे, तपासणे, आणि मग कोणाची भीड न ठेवता निकाल देणे, ही त्यांची रीत होती.

परदेशातलेही एक उदाहरण आहे. व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान्ह (१९२६-२०२२) यांनी युद्धाच्या काळात तरुण समाजसेवकांची एक संस्था उभी केली. बॉम्बने उद्ध्वस्त झालेली खेडी पुन्हा वसवण्याचे काम हे तरुण करीत. भिक्खूंना देशाबाहेर राहावे लागले तेव्हा, १९७४ साली, त्यांनी तिकडून आपल्या एका सहकाऱ्याला लांब पत्र लिहिले. कामाच्या रगाड्यात भान कसे ठेवावे, भांडी घासताना नुसती भांडीच कशी घासावीत, हे त्यात होते. ज्यांना ते पत्र होते ते रोज मरणाच्या छायेत काम करीत होते. सति ही पळवाट असती तर तिचे पत्र त्यांच्या काय कामाचे होते?

घरच्या घरी

आता व्यवहाराचे बोलू. एक चाळीस पानी वही घ्यावी. सात दिवस, रात्री झोपण्याआधी, दिवसातला एकच प्रसंग तीन ओळींत लिहावा. पहिली ओळ: काय घडले, काय बोलले गेले. दुसरी ओळ: अंगात काय झाले, छाती धडधडली की घसा दाटला. तिसरी ओळ: मनात काय आले. 'चांगला', 'वाईट', 'मूर्ख', 'नेहमीचेच' असे शब्द पहिल्या ओळीत येऊ द्यायचे नाहीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलांकडून लिहून घ्यावे; मुलांना त्यातून जे कळेल ते शाळेत कळणार नाही. आठव्या दिवशी वही वाचावी. कोणत्या वेळी, कोणाशी, कशावरून खटके उडतात हे आपोआप दिसेल. तेव्हा ताळेबंद मांडावा आणि काय बदलायचे ते घरात बसून ठरवावे.

पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे सर्वांनी श्वासाकडे लक्ष देऊन बसावे, मग ज्याला वाटेल त्याने आठवड्यातला एक प्रसंग सांगावा. इतरांनी सल्ला न देता नुसते ऐकावे. सल्ला न देता ऐकणे किती अवघड आहे हे पहिल्याच पौर्णिमेला कळेल!

एक खबरदारी

यात चमत्कार काही नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली एका वैद्यकीय महाविद्यालयात सतिवर आधारलेला आठ आठवड्यांचा क्रम रुग्णांसाठी सुरू केला. अशा ध्यानक्रमांच्या ४७ चाचण्यांचा, एकूण ३,५१५ माणसांचा, आढावा २०१४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आला. चिंता, नैराश्य आणि दुखणे यांत थोडाबहुत उतार पडतो, पण औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ते सरस आहे असे दिसले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून चालू औषध बंद करू नये. झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर डॉक्टरकडे जावे. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे.

तसेच, घरात मार खाणाऱ्या भगिनीला 'तू नुसते पाहत राहा' असे कोणी सांगू नये. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि आपण शेजारी आहोत. तेथे नोंद झालेली आहे. आता निवाड्याची वेळ आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या माणसांकडे न पाहताच निकाल लावणाऱ्या समाजातून आपण बाहेर पडलो. धम्माने आपल्याला पाहणारी नजर दिली. ती विहारात ठेवून घरी येऊ नये. उद्या सकाळी नळ येईल तेव्हा बादलीपासून सुरुवात करावी.

जयभीम! नमो बुद्धाय!